शून्यावर मरायचं की उणे दहावर

नाशिक,
१० जानेवारी १९८१

प्रिय लता,
सप्रेम जय भीम.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. त्यावरचा बर्फ बघून मालनने ते कपाटात आत ठेवलं. बाहेर ठेवलं तर घरात गारठा येईल म्हणाली. तुझी बहीण शाळेत मुलांना भूगोल शिकवते, हे लक्षात असू दे.

आता मुद्द्याचं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी कोर्टाच्या नक्कल विभागातला कारकून. मागचा संदर्भ दिल्याशिवाय मला पुढची ओळ सुचत नाही. तर १९७८ साली तू शिकागोहून तीन पातळ पुस्तकं धाडलीस. भुयारात उतरायचं, राक्षसांशी लढायचं, आणि हे सगळं पट-सोंगट्यांशिवाय, नुसतं बोलून. मी त्या नियमांची मराठी नक्कल वहीत उतरवली. इंग्रजी नाव कोणाच्या तोंडात बसेना म्हणून आम्ही खेळाला 'भुयार' म्हणू लागलो. दर रविवारी जेवणं झाली की चटई टाकतो. मी पंच, म्हणजे भुयारही मीच आणि त्यातले राक्षसही मीच. खेळणारे चौघे: मालन, शेजारचे एसटी कंडक्टर झुंबर, सातपूरच्या कारखान्यातला गोटीराम आणि तुमच्या मातोश्री. वीस बाजूंचा फासा तुझ्या खोक्यात नव्हता, म्हणून हाऊजीचे एक ते वीस आकडे पत्र्याच्या डब्यात घालून काढतो.

आईंची लढवय्यी म्हणजे चिमणाबाई. हातात कोयता. अडीच वर्षं तिनं भुयारात जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही. गेल्या रविवारी ती मेली. प्रत्येकाला ठरावीक 'जीव' असतात आणि वार बसला की ते कमी होतात, हे तू जाणतेसच. तिचे तीन उरले होते, राक्षसाच्या गदेनं पाच नेले. पुस्तकात स्पष्ट आहे, शून्य झाला की मेला. बाई मेल्या असा मी निकाल दिला.

तेव्हापासून आई गप्प आहेत. बुधवारी म्हणाल्या, "मी गावाला जाते." सिन्नरच्या पुढे त्या दोन खोल्यांत आता कोण आहे? तुझे वडील गेल्यावर आम्ही त्यांना इथं आणलं त्याला चार वर्षं झाली, आणि लेकीच्या घरी राहणं त्यांना किती टोचतं ते मी तुला सांगायला नको. पहिल्या वर्षी दर सोमवारी त्या पिशवी भरायच्या. भुयार आलं आणि ते थांबलं. या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत, अशा त्या राहत गेल्या.

तू मागे लिहिलं होतंस की तिकडे या खेळाची नवी आवृत्ती निघाली आहे आणि लढाईचे नियम बदललेत. त्यात मरणाबद्दल काय कलम आहे ते तातडीने कळव. आईंचं राहणं त्यावर आहे. मला त्या इथं हव्या आहेत.

तुझा,
देवराम दाजी

•

शिकागो,
१ फेब्रुवारी १९८१

ती. दाजींना,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र उघडलं आणि क्षणभर वाटलं समन्स आलं. एका बाईच्या मरणाविरुद्ध अपील करायला तिला मारणाराच माणूस सातासमुद्रापार अर्ज करतो, असं खटल्यात पूर्वी कधी झालं आहे का? तुमच्या नक्कल विभागात शोधून बघा.

माझ्या खोलीत राहणाऱ्या फिलिपिनो नर्सचा भाऊ दर शुक्रवारी हा खेळ खेळतो. त्याच्याकडे नवी पुस्तकं आहेत, ७९ साली छापलेली. एकेक एवढं जाड की डोक्यात घातलं तर राक्षस आकडा न काढताच मरेल. सुट्टीचा अख्खा दिवस मी तुमची जुनी वही आठवत ती चाळली. ऐका.

पहिला वार कोणाचा, हे तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी एकेकदा फासा टाकून ठरतं. नव्यात हत्यार किती लांब, किती जड, मंत्र म्हणायला किती वेळ, असलं काय काय मोजतात. मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, हे पान आम्ही कोणीच पाळत नाही. मला तो एकदम नाशिकचा वाटला.

हत्यारांचं असं. जुन्यात काहीही हातात असो, वार एक ते सहा. नव्यात प्रत्येकाचा वेगळा आकडा. तलवारीला आठ, सुरीला चार. कोयता यादीत नाही, पण त्याच्या जवळचं जे हत्यार आहे त्याला चार.

आणि आता तुमचं कलम. नव्या पुस्तकात शून्यावर माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो. मग दर फेरीला एकेक जीव गळत जातो. उणे दहापर्यंत कोणी शेजारी बसून जखम बांधली तर तो वाचतो. फक्त आठवडाभर अंथरुणात. तीनातून पाच गेले म्हणजे उणे दोन. चिमणाबाई वाचली, दाजी! नर्स म्हणून सांगते, असे पेशंट मी रोज बघते. उणे दोन म्हणजे काहीच नाही.

आईला माझ्यातर्फे सांगा, अंथरुणात पडून राहा आणि बडबड करू नका.

तुमची,
लता

ता.क. ताईला सांगा, कार्डावरचा बर्फ कागदी आहे.

•

नाशिक,
२४ फेब्रुवारी १९८१

प्रिय लता,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. रविवारी त्याची रीतसर सुनावणी झाली. सविस्तर लिहितो, कारण शेवट चांगला नाही.

गोटीरामचं म्हणणं, नवं पुस्तक आपल्याला आत्ता कळलं, तेव्हा ते आत्तापासून लागू, जुनं मरण तसंच राहणार. झुंबर उसळले. म्हणाले, "एसटीचं भाडं कमी झालं अन् मला चार दिवसांनी कळलं, तर मी पॅसेंजरला जुनंच तिकीट फाडू का?" पुस्तक ७९ साली छापलंय, बाई मेली ८१ साली, म्हणजे मेली तेव्हा नवा नियम अंमलात होता. मला हा युक्तिवाद पटला. पूर्वलक्षी प्रभावाचा प्रश्नच आला नाही. बाई उणे दोनवर, मालन शेजारीच होती, तिनं जखम बांधली असं धरून चिमणाबाई जिवंत, असा मी निकाल दिला. गोटीरामनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आई भिंतीला टेकून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "त्या पुस्तकात आजून काय बदाललं?"

मी गप्प बसणार होतो. गोटीरामने हत्यारांचं सांगून टाकलं.

"कोयत्याला किती?"

"चार."

"आन तलवारीला?"

"आठ."

"जुन्या पुस्तकात?"

"दोन्हीला सहा, आई."

त्यांनी सोललेल्या शेंगा मालनपुढे सरकवल्या. "मंग मला जुनंच पुस्तक बरं. त्यात मी मेले तर मेले. तलवारवाल्याच्या बराबरीनं मेले."

मी घाईघाईने म्हणालो की मरणाचा नियम नवा घेऊ आणि कोयत्याला सहाच ठेवू. खरं तर कायदा घ्यायचा तर अख्खा घ्यायचा, निम्मा इकडचा निम्मा तिकडचा असं चालत नाही. पण मी ते गिळलं. आई म्हणाल्या, "म्हंजी परत मेहेरबानीच." 'परत' का म्हणाल्या ते मला कळलं नाही.

काल सकाळी पहिल्या गाडीने त्या गावाला गेल्या. मी सीबीएसच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. पिशवीसुद्धा माझ्या हातात दिली नाही. एका कोयत्यावरून एवढं होईल असं वाटलं नव्हतं. घर फार रिकामं झालं आहे. मालनने आज तिघांचाच स्वयंपाक केला आणि उरलेला झुंबरकडे दिला.

तुझा,
देवराम

•

शिकागो,
१५ मार्च १९८१

ती. दाजी,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा हसले. रागावू नका. तुम्ही जन्मभर दुसऱ्याचे कागद उतरवलेत, म्हणून स्वतःचं काही लपवायचं कसं ते तुम्हाला शिकायलाच मिळालं नाही. "'परत' का म्हणाल्या ते मला कळलं नाही." दाजी, ज्याला खरंच कळत नाही तो असं वेगळं वाक्य करून लिहीत नाही. तो ते विसरून पुढे जातो.

कोयता हे खरं कारण नव्हे. माझी आई कोयत्यावरून भांडेल, पण घर सोडणार नाही.

परवा तिचं पत्र आलं, गावच्या पोस्टमनने लिहून दिलेलं. निम्मं पत्र शेजारच्या नवसाबाईच्या शेळीबद्दल आहे. शेवटी दोन ओळी: "जावई लय चांगला हाय. त्येचंच दुखणं हाय."

मी इथं रात्रंदिवस लोकांच्या नाडीला हात लावते. दुखतं कुठं ते पेशंट सांगत नाही, पण जिथं हात लावला की तो दुसरंच काही बोलायला लागतो, तिथं दुखतं. तुम्ही मला कोयता, कलम, सुनावणी सगळं सांगितलंत. जानेवारीतल्या त्या रविवारी नेमकं काय झालं, ते मात्र दोन्ही पत्रांत एका ओळीत उरकलंत.

आता ते लिहा. सत्यप्रत पाठवा. शिक्का नसला तरी चालेल.

लता

•

नाशिक,
५ एप्रिल १९८१

प्रिय लता,

तू नर्स झालीस हे पोलिसांचं नुकसान आहे.

लिहितो. राक्षसाचा आकडा पंचानं झाकून काढायचा असतो. चिमणाबाईच्या अंगावर चिलखत असल्यामुळे राक्षसाला पंधरा किंवा वर लागायचे. मी डब्याचं झाकण आडवं धरून आकडा काढायचो. एकोणीस निघाला की तीन म्हणायचो. सतरा निघाला की सहा. हे मी ७९ च्या दिवाळीपासून केलं. सव्वा वर्ष तुझ्या आईला भुयारातल्या एकाही राक्षसानं धड मारलं नाही. अधूनमधून बारीकसे ओरखडे पडू द्यायचो, संशय नको म्हणून. सगळ्यांना वाटायचं बाई नशीबवान आहे. आईंनाही वाटायचं. रविवारी संध्याकाळी भांडी घासताना त्या स्वतःशी हसायच्या, ते मी ओसरीवरून ऐकायचो.

त्या दिवशी चष्मा पुसायला म्हणून आकडा मांडीवर ठेवला आणि तोंडाने "सहा" म्हणालो. मांडीवर सतरा होता. आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना अक्षर येत नाही, पण आकडा येतो. पंचवीस वर्षं त्यांनी सिन्नरच्या बाजारात भाजी विकली आहे.

त्यांनी हात पुढे करून डबा घेतला. म्हणाल्या, "राक्षसाचं आता मी काढते." उघड्यावर काढला. अठरा. मग सापशिडीचा फासा टाकला, पाच. तीनातून पाच. "मेली," असं त्यांनीच सांगितलं. निकाल मी दिला असं तुला लिहिलं ते खोटं. मी नुसता बघत बसलो होतो.

संध्याकाळी मला एकट्याला गाठून म्हणाल्या, "जावई, घरात तुमचं खाते ते लेकीच्या नात्यानं खाते. भुयारात तरी माझं मी जगते असं वाटत व्हतं." एवढंच. मी चपला घालून बाहेर सटकलो. त्या चारचौघांत मला उघडं पाडू शकल्या असत्या, तेही त्यांनी केलं नाही. म्हणून मी घाबरून नव्या पुस्तकामागे लागलो. वाटलं, मी नव्हे, पुस्तकानंच त्यांना उठवलं तर चालेल.

मी असं का केलं हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. घरात कोणी आईच्या वयाचं माणूस उगीच रागावतं, भाजीत मीठ कमी म्हणतं, हे मला चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालं. ते जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मालनला यातलं काही ठाऊक नाही. काय करू ते सांग.

देवराम

•

शिकागो,
२६ एप्रिल १९८१

ती. दाजी,

कबुलीजबाब मिळाला. आरोपी आपणहून बोलला, म्हणून शिक्षेत सूट द्यावी असं कोर्टाचं मत झालं होतं. मग मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि दिसलं की त्यात एक गोष्ट मुद्दाम गाळली आहे.

७९ च्या दिवाळीत तुम्हाला पत्र कोणी लिहिलं होतं? मी. ताईला न दाखवता वाचा असं वर लिहून. "दाजी, आईला त्या खेळात हरू देऊ नका, काहीही करा, ती तिथं रमली तर मी इथं निवांत झोपेन." मीच तुम्हाला हे करायला लावलं, आणि एवढी मोठी कबुली लिहिताना तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. मेहुणीला वाचवायची सवय तुम्हाला सासूपासून लागली की सासूला वाचवायची मेहुणीपासून?

दाजी, मी आठ हजार मैलांवर बसून आईला तुमच्या घरात खिळवून ठेवत होते. माझी जबाबदारी तुमच्या डब्यात टाकली होती. हे लिहिताना मला रडू आलं. मैत्रिणीने विचारलं काय झालं, तर म्हणाले, एक राक्षस खोटं बोलला.

आता दोन्ही पुस्तकांतलं सांगते. नव्या पुस्तकात चक्क लिहिलंय की पंचाला योग्य वाटलं तर त्यानं निघालेला आकडा बाजूला ठेवावा. म्हणजे नव्या आवृत्तीप्रमाणे तुम्ही निर्दोष आहात. हे आईला चुकूनही सांगू नका. तिला हे कळलं तर ती ते पुस्तक चुलीत घालेल आणि वर तुम्हाला.

दुसरं असं, की लढाईतून पाठ फिरवून जो पळतो त्याला समोरच्याचा एक फुकटचा वार बसतो. हे दोन्ही आवृत्त्यांत आहे, याबद्दल कोणाचंच दुमत नाही. तुम्ही त्या संध्याकाळी पळालात. तो वार अजून बाकी आहे. जाऊन खाऊन या.

आईला आणायला जाऊ नका. चला म्हणू नका. नुसते जा, आणि चारचौघांत सांगा. माझं नावही सांगा. मी तिला वेगळं लिहिते आहे, पण पोस्टमन ते वाचून दाखवणार म्हणून जरा सभ्य भाषेत.

तुमची,
लता

•

नाशिक,
१९ मे १९८१

प्रिय लता,
सप्रेम जय भीम.

वार खाऊन आलो.

रविवारी सिन्नरच्या गाडीत उभ्यानं गेलो, पुढे गाव चालत गाठलं. आधी मालनला सगळं सांगितलं होतं. ती इतकी हसली की मला राग आला, आणि मग एकाएकी रडली. म्हणाली, "आईला खोटं सांगायला तुम्हाला माझ्या बहिणीची परवानगी लागते, माझी नाही?" तेव्हा तुलाही तिचं एक पत्र येईल. तयार राहा.

गावात पोचलो तर आई घरात नव्हत्या. मागच्या कडुलिंबाखाली चौघी बायका बसल्या होत्या. मध्ये पत्र्याचा डबा. नवसाबाई आईंना ओरडून विचारत होत्या, "मारला! अंबूबाई, मारला का नाय?" लता, तिथं भुयार चाललं होतं. आई पंच होत्या. डब्यात आकडे नव्हते, वीस चिंचोके होते, त्यांवर सुईने रेघा कोरलेल्या.

मी लांब उभा राहून अर्धा डाव ऐकला. जुनं पुस्तक नाही, नवंही नाही; ती तिसरीच आवृत्ती आहे. हत्यार कोणतंही असो, सहा. शून्यावर गेलेला मरत नाही, पडतो. बरोबरच्या कोणी हत्यार खाली ठेवून त्याच्याजवळ बसलं तर वाचतो. पण बसणाऱ्याला मग ती लढाई संपेपर्यंत हत्यार उचलता येत नाही, आणि राक्षस त्याच्याकडेही येऊ शकतो. आणि राक्षसाचा आकडा पंच काढत नाही. ज्याच्यावर वार यायचा, त्यानंच तो काढायचा आणि त्यानंच वाचायचा. हा नियम ऐकला आणि माझे कान तापले.

पुढे गेलो आणि चारचौघींसमोर सगळं बोललो. एकोणीसचे तीन केले, सतराचे सहा केले. तुझं नावही सांगितलं. तुझ्या आईंनी ऐकून घेतलं. नवसाबाई म्हणाल्या, "अगं, जावयानं सासूला जगवली, त्यात वाईट काय?" आई म्हणाल्या, "तू गप. तुला नाय कळायचं." मग माझ्याकडे न बघता, "बसा. माणूस काढा."

मला चार जिवांचा माणूस मिळाला. दुसऱ्याच दालनात लांडगा आला. चिंचोका मीच काढला, रेघा मीच मोजल्या. एकोणीस. फासा, चार. पडलो. नवसाबाई माझ्याजवळ बसायला उठल्या. आई म्हणाल्या, "बस की. नको म्हनत नाय. पर लांडगा तुझ्याकडं येईल." नवसाबाईंनी थोडा विचार केला आणि लांडग्याला भाला मारला. पुढच्या फेरीत मी मेलो.

सवयीने वही काढून हे नियम उतरवू लागलो, तर आईंनी हातावर हात ठेवला. "लिवू नका. लिवलं की कुनीतरी बदाललं म्हनून सांगत येतं."

चहा झाला. मी चला म्हणालो नाही. निघताना त्यांनी विचारलं, "तिकडं आता खेळ कोन घेतं?" मी म्हटलं, कोणी नाही, मी डबा माळ्यावर टाकला. त्या "हं" म्हणाल्या आणि शेळीकडे गेल्या. एवढंच झालं. येतील असं वाटत नाही. पण येताना गाडीत मला बरं वाटत होतं, ते का ते ठाऊक नाही.

तुझा,
मृत देवराम

•

नाशिक,
१२ जुलै १९८१

चि. लता हिस आईचा आशीर्वाद.

हे पत्र मालन लिहिते आहे. ती म्हणते जसं बोलशील तसं लिहीन. (तसंच लिहिते आहे. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही. — ताई)

तुझं पत्र पोष्टमननं वाचून दाखवलं. निम्मं त्यालाच कळलं नाय. मला कळलं. तू तिकडनं माझ्यासाठी खोटं बोलाया सांगितलंस, त्याचा मला राग आला व्हता. नवसाबाईला म्हनले, माझ्या दोन लेकी आन एक जावई, तिघांनी मिळून मला लहान पोर केलं. (मी नव्हते. मला कोणी सांगितलंच नाही.) मालन, तू मदी बोलू नको.

मी इथं आले त्याला पाच आठवडे झाले. मला कुनी आनलं नाय. माझी मी आले. झुंबरच्या गाडीत त्यानं तिकीट फाडलं नाय तर मी त्याला फाडाया लावलं. जावयांना म्हनले, खेळ मी घेनार. तुमचं पुस्तक नको. त्यांनी डबा माळ्यावरनं काढून पुसून माझ्याम्होरं ठेवला.

तिकडं गावाकडं आता नवसाबाई खेळ घेते. चांगली घेते, पर लय दया करते.

आता आजचं सांगते. आज दुपारी जावयांचा माणूस लई पुढं गेला व्हता. तीन रविवार जगला. आधी दोनदा मेले व्हते, हा तिसरा, म्हनून त्यांचा जीव गुतला व्हता. त्याला नाव ठेवलं व्हतं, कोट शिवला व्हता, सगळं बोलून. (कोट निळा होता.) दोन जीव उरले. राक्षस आला. आकडा त्यांनीच काढायचा, ह्यो माझा नेम. डब्यात हात घातला, मुठीतच बघितला. मी समोर व्हते, मला काय दिसत नव्हतं. ते 'चार' म्हनले असते तर कुनाला कळलं असतं? गोटीरामला नाय, झुंबरला नाय. मला पन नाय.

लता, त्यांचं तोंड असं पडलं की मला वाटलं, खोटं बोला आता. एवढ्या डावाला बोला. मी नाय विचारनार. मी मनातल्या मनात म्हनले, चार म्हना, जावई, चार म्हना.

त्यांनी मूठ उघडली. अठरा.

तवा मला कळलं सव्वा वरीस त्यांनी काय केलं ते. मी त्याला मेहेरबानी म्हनले व्हते. मेहेरबानी करताना मानसाच्या पोटात असं तुटत नसतं. ते दुसरं हाय. त्याचं नाव मला ठाऊक नाय, तू शिकलेली हायस, तुला ठाऊक असंल.

फाश्याला सहा पडले. जवळ बसाया कुनी उरलं नव्हतं. मेला म्हनून मीच सांगितलं. मी डोळ्याला पदर लावला, तर हे मेलेले जावईच मला म्हनतात, "आई, बरोबर आहे, नियम आहे तो." (मी आत जाऊन पाणी आणलं.)

मी आता जात नाय. तुझ्यासाठी नाय, तू तिकडं निवांत झोपावीस म्हनून तर बिलकुल नाय. मला इथं राहू वाटतंय म्हनून राहते. जावयांना हे मी तोंडानं सांगितलं नाय. पत्र तेच पोष्टात टाकनार, वाचतील वाटंत.

बंद करते. मेलेला माणूस मघापासून चुलीकडं बघतोय. भूक लागली असंल. त्याला वाढते.

तुझी आई,
अंबूबाई